वाघ्याचं डावं आणि उजवं

रामबागेतल्या आमच्या गल्लीत सुमनकाकूंचा वाघ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पांढराशुभ्र पॉमेरेनियन, वय सहा वर्षं. नाव वाघ्या, कारण काकूंच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कुलदैवत खंडोबा. इंदुरात यात नवल काही नाही. होळकरांचं कुलदैवतही मल्हारी मार्तंडच, राजवाड्यात त्याचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला काकू नैवेद्य दाखवतात आणि रोडग्याचा पहिला तुकडा वाघ्याच्या पुढ्यात ठेवतात. खंडोबाचं कुत्रं म्हणून घरात त्याचा मान आहे.

मी पशुवैद्यक शिकले आणि आता ऊतिशास्त्रात, म्हणजे पेशींच्या रचनेच्या अभ्यासात, पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय घेतलाय नर कुत्र्याची प्रजननसंस्था. विषय ऐकून लोक गप्प होतात, पण मला तो मनापासून आवडतो. नखाएवढ्या तुकड्यात इतकी कामं इतक्या शिस्तीत चाललेली शरीरात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतात.

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर बसून वाघ्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. मांडीच्या आतल्या बाजूला हात गेला आणि थांबला. पिशवीत एकच गोळी लागत होती, डावी. उजवी जागा रिकामी.

“काकू, याचं उजवं कुठंय?”

“अगं, ते पिल्लू असतानाच दाखवलं होतं एका दवाखान्यात. म्हणाले, उतरेल हळूहळू. मग राहूनच गेलं.”

‘उतरेल’ हे खरं असतं, पण त्याला मुदत असते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची वृषणं पोटात असतात. मूत्रपिंडाच्या मागे ती तयार होतात आणि दोरीसारखी एक पट्टी त्यांना जांघेच्या वाटेने खाली आणते. पहिल्या काही दिवसांत ती जांघेतून बाहेर पडतात आणि साधारण दोन महिन्यांपर्यंत पिशवीत स्थिरावतात. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर पुढे उतरत नाही, वाटच आवळली जाते. लहान चणीच्या जातींत हे जास्त दिसतं, पॉमेरेनियन त्यातलाच, आणि डाव्यापेक्षा उजवं अडकण्याचं प्रमाण जास्त. वाघ्याची सहा वर्षं सरली होती.

काकूंना ऑपरेशन नको होतं. पहिलं कारण त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं: देवाच्या कुत्र्याच्या अंगाला सुरी लावायची कशी. दुसरं त्यांनी सरळ विचारलं. “तो पाय वर करून मुततो, गल्लीतल्या माद्यांच्या मागे लागतो, दुसऱ्या कुत्र्यांवर गुरगुरतो. मग कमी काय आहे त्याच्यात?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर पेशींमध्येच आहे. वृषणात दोन वेगळी खाती चालतात. एका खात्यात शुक्राणू घडतात, दुसऱ्यात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. पहिलं खातं उष्णतेला सोसत नाही, दुसरं बरंच सोसतं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पिशवी बाहेर लोंबते ती त्याहून काही अंश थंड राहण्यासाठीच. पोटात अडकलेल्या वृषणात शुक्राणू होत नाहीत, पण नरपणाचा रस पाझरत राहतो. म्हणून बाहेरून काही उणं दिसत नाही. आणि डावं तर धडधाकट होतं, म्हणजे वाघ्याला पिल्लं होऊ शकत होती आणि हाच दोष त्यांच्यात उतरू शकत होता.

मला काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका उतरलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्यातली एक गाठ सर्टोली पेशींची, म्हणजे शुक्राणूंना सांभाळणाऱ्या पेशींची. ती इस्ट्रोजेन सोडू लागली की नराच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळतात, स्तनं सुजतात, आणि वाईट म्हणजे हाडांतला मगज रक्त तयार करणं थांबवू शकतो. शिवाय पोटात मोकळं लटकणारं वृषण पीळ खाऊन अचानक जीवावर बेतू शकतं. हे सगळं मी काकूंना तीन संध्याकाळी थोडं थोडं सांगितलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “देवाला विचारलं. तुझ्या डॉक्टरांना विचार.”

सोनोग्राफीत उजवं मूत्राशयाच्या थोडं पुढे दिसलं. लहान, फिकट, कडा सारख्या. गाठ असल्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं, पण इतक्या लहान चित्रावरून पेशींचं कोणी सांगू शकत नाही. मे महिन्यातली तारीख ठरली. मी काकूंची आणि डॉक्टरांची परवानगी घेतली की निघालेली दोन्ही वृषणं मला अभ्यासाला हवी आहेत. एकाच कुत्र्याचं, एकाच रक्तावर पोसलेलं, एकाच वयाचं डावं आणि उजवं. फरक फक्त जागेचा. माझ्यासारखीला असं जोडपं क्वचितच मिळतं.

आदल्या रात्री बुआँचं द्रावण केलं, काढलेले तुकडे न कुजता टिकावेत म्हणून. संपृक्त पिक्रिक आम्लाचे ७५ भाग, फॉर्मालिनचे २५, ग्लेशियल असेटिक आम्लाचे ५. हळदीच्या पाण्याहून पिवळं होतं आणि बोटाला लागलं तर आठवडाभर जात नाही. पिक्रिक आम्ल कोरडं पडू द्यायचं नसतं, वाळलं की ते स्फोटक होतं, त्यामुळे बाटलीचं तोंड पुसून घेतल्याशिवाय मी कधी झाकण लावत नाही.

साधं फॉर्मालिन सोडून हा खटाटोप कशाला, त्याचं उत्तर मला पहिल्या वर्षी मिळालं. कोर्समधलं माझं पहिलं वृषण मी अख्खंच फॉर्मालिनमध्ये टाकलं होतं. वृषणाभोवती पांढरं, जाड, चिवट आवरण असतं. त्यातून द्रावण आत शिरेपर्यंत मधला भाग कुजायला लागलेला असतो. दोन दिवसांनी कापलं तर कडेचा पट्टा टणक आणि मध्ये लगदा. जिथे टणक झालं होतं तिथेही शुक्राणू घडवणाऱ्या नळ्या आकसून एकमेकींपासून सुटल्या होत्या, पेशी तळापासून उखडून मध्ये पडल्या होत्या. तो कुत्रा म्हातारपणी गेला होता आणि त्याच्या माणसांनी त्याचं शव आम्हाला शिकायला दिलं होतं. ते देणं मी वाया घालवलं याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून नियम एकच: वृषण हातात आलं की दहा मिनिटांच्या आत चिरून, पातळ फोडी करून, फोडींच्या वीसपट द्रावणात. इथे घाई केली नाही तर पुढची सगळी सवड फुकट जाते.

पोल बुआँ हा फ्रेंच ऊतिशास्त्रज्ञ स्वतः वृषणाचाच अभ्यासक होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याने आणि पॉल आन्सेलने १९०३ साली असं मांडलं की नराची लक्षणं शुक्राणू घडवणाऱ्या पेशींमुळे येत नाहीत, नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशींमुळे येतात. आधार काय घेतला? वृषणं न उतरलेली जनावरं. त्यांच्या नळ्या ओस पडलेल्या असतात, मधल्या पेशी शाबूत असतात आणि जनावर नरासारखंच वागत असतं. म्हणजे काकूंनी ओट्यावर विचारलेला प्रश्नच त्या दोघांनी हाताळला होता. ज्या द्रावणात मी वाघ्याची वृषणं टाकणार होते त्यावर त्याच माणसाचं नाव आहे, हे आठवून त्या रात्री बाटलीवर लेबल लावताना मला भरून आलं.

ऑपरेशन सकाळी साडेआठला. डावं सोपं. पिशवीच्या जरा पुढे छोटा छेद, वृषण पुढे सरकवायचं, रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी बांधायची, कापायचं. उजव्यासाठी पोट उघडावं लागलं. नराच्या पोटाच्या मध्यावर पुढे शिश्न असतं, म्हणून त्वचेवरचा छेद त्याच्या बाजूने वळवून न्यावा लागतो. आतड्यांच्या गर्दीत वाटाण्याएवढी वस्तू शोधत बसायचं नसतं, तिचा माग काढायचा असतो. डॉक्टरांनी मूत्राशय हळूच मागे वळवलं. त्याच्या मानेला चिकटून दोन पाळ्यांची गोल प्रोस्टेट ग्रंथी दिसली आणि तिच्याकडे येणाऱ्या दोन पांढऱ्या दोऱ्या. त्या शुक्रवाहिन्या. डावी सैल झाली होती. उजवी चिमटीत धरून तिच्या मागे मागे गेलं की टोकाला वृषण सापडतंच.

प्रोस्टेटकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. माणसात, बैलात वीर्याचं पाणी बनवायला दोन-तीन प्रकारच्या ग्रंथी असतात. कुत्र्याकडे शुक्राशय नाही आणि मूत्रमार्गाच्या मुळाशी असणारी ती दुसरी जोडीही नाही. शुक्रवाहिनीच्या शेवटच्या टोकातल्या बारीक ग्रंथी सोडल्या तर सगळा भार एकट्या प्रोस्टेटवर. वृषणं न काढलेल्या वयस्क कुत्र्यांत ती वाढते, मागे गुदाशयावर दाबते, शी करताना कुत्रा कण्हतो आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. वृषणं काढली की पुढच्या काही आठवड्यांत तिच्या पेशी आकसतात आणि ग्रंथी लहान होते. वाघ्याची अजून बेताचीच होती.

दोन्ही वृषणं ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवली. डावं बोराएवढं, टणक, आवरणाखाली नागमोडी रक्तवाहिन्या. उजवं सुकलेल्या वालाच्या दाण्याएवढं, मऊ, बोटाने दाबलं तर दबतं. नव्या पात्याने डावं चिरलं तेव्हा आतला गर बदामी रंगाचा फुगून वर आला, जसा पिकलेल्या अंजिराचा येतो. उजव्याचा गर जागचा हलला नाही. चार-चार मिलिमीटरच्या फोडी, दोन वेगळ्या बाटल्या, दोन लेबलं. घड्याळात सात मिनिटं झाली होती. वाघ्या अजून टेबलावर होता, त्याला टाके पडत होते. मी बाटल्या पिशवीत घालून बाहेर आले तेव्हा काकू बाकावर बसून जप करत होत्या. “झालं, काकू. चांगला आहे,” एवढंच म्हटलं.

चोवीस तासांनी फोडी ७० टक्के अल्कोहोलमध्ये. पिवळेपणा सुटेपर्यंत अल्कोहोल बदलत राहायचं, दोन दिवस हेच चालतं. मग ८०, ९०, शुद्ध अल्कोहोल, असं पायरीपायरीने पाणी काढायचं. एकदम शुद्धात टाकलं तर पेशी चुरमडतात. मग झायलीन, मग साठ अंशाच्या जरा खाली वितळलेलं मेण. मेण आत मुरलं की साच्यात ओतून ठोकळा.

मे महिन्यातलं इंदूर आणि मेणाचे ठोकळे यांचं जमत नाही. मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, पाच मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. थंड मेण असलं की पात्यावरून कापांची फीत सरसर निघते, एकाला एक चिकटून. गरम असलं की काप पात्यावरच गोळा होतो. सकाळी अकरापर्यंत माझी एकही फीत नीट निघाली नाही. आमच्या विभागात वीस-पंचवीस वर्षं काप काढणारे एक कर्मचारी आहेत, ते येऊन शेजारी उभे राहिले. “बिटिया, ब्लॉक को ठंडा करो पहले. और श्वास रोको.” त्यांनी बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून ठोकळ्याच्या तोंडावर धरला, मनात वीस मोजले, आणि चाक फिरवलं. पहिले दोन काप गेले, तिसऱ्यापासून फीत सुरू झाली. श्वासाचंही खरंच आहे. उच्छ्वासाने फीत उडते आणि पुन्हा सरळ होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे पाचला विभागात जाऊ लागले. थर्मासमधून बर्फ नेत होते. पहाटेच्या त्या दोन-अडीच तासांत जे काम झालं ते आधीच्या आठवड्यात झालं नव्हतं. फीत कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप उलगडतात, मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात लावलेली काच खालून घालून अलगद उचलायची. पातळ काप पाण्यावर पसरताना बघणं मला अजूनही देवपूजेसारखं वाटतं.

रंग हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिनचे. पहिला रंग झाडाच्या गाभ्यातून येतो. त्यात बुडवून काढलं की काप जांभळट-तांबडे दिसतात, आणि नळाखाली धरले की हळूहळू निळे होतात, कारण नळाचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. इंदूरच्या नळाला नर्मदा येते. वाघ्याच्या पेशींची केंद्रकं नर्मदेच्या पाण्यात निळी झाली, हे मी घरी सांगितलं तेव्हा आजीने हात जोडले.

आता डाव्याची स्लाइड.

कमी भिंगाखाली ती मुरुक्कूच्या ताटासारखी दिसते. गोल, लांबट, वळलेल्या नळ्या एकीला लागून एक. माझ्या मोजणीत या नळ्यांचा व्यास दोनशे मायक्रॉनच्या आसपास भरला. कुत्र्याच्या वृषणात मधोमध जोडऊतीचा एक कणा असतो आणि बाहेरच्या आवरणापासून त्याच्यापर्यंत पातळ पडदे जातात. सगळ्या नळ्या शेवटी त्या कण्यातल्या जाळीत रिकाम्या होतात. हे घराचं माप झालं. घरातली माणसं बघायला भिंग वाढवावं लागतं.

नळीच्या भिंतीला चिकटून स्पर्मॅटोगोनिया. या बीजपेशी, यांच्यापासून सगळी सुरुवात. त्यांच्या आत मोठ्या केंद्रकांच्या पेशी, ज्यांच्या केंद्रकात लोकरीचा गुंडा उसवावा तसे धागे दिसतात. कुत्र्याची ७८ गुणसूत्रं इथे जोड्या लावतात आणि अर्धी व्हायला निघतात. त्यानंतरची अवस्था इतकी थोडा वेळ टिकते की स्लाइडवर ती सहसा सापडत नाही. मला त्या दिवशी एका नळीत सापडली आणि मी विभागातल्या मॅडमना हाताला धरून आणलं. त्याच्या आत लहान गोल स्पर्मॅटिड, म्हणजे शुक्राणू व्हायच्या वाटेवरच्या पेशी, आणि सगळ्यात आत, पोकळीच्या काठाला, लांबट झालेले, शेपट्या पोकळीत सोडलेले. भिंतीपासून पोकळीपर्यंतचं हे अंतर जेमतेम केसाच्या जाडीइतकं, पण कुत्र्याला ते पार करायला दोन महिने, साधारण ६१-६२ दिवस लागतात. कुत्र्याला मोठा ताप येऊन गेला तर त्याचं वीर्य पुढे दोन-अडीच महिने बिघडलेलं का असतं, ते इथे कळतं.

शेजारच्या दोन नळ्या कधी सारख्या नसतात, हे मला फार आवडतं. एकीत लांबट शुक्राणू सुटायच्या बेतात, दुसरीत ते नुकतेच सुटून गेलेत आणि फक्त गोल पेशी उरल्यात. कुत्र्यात या चक्राच्या आठ अवस्था मानतात आणि एक फेरी साधारण साडेतेरा दिवसांची. एकच पेशी दोन महिन्यांत अशा साडेचार फेऱ्या बघते. सगळ्या नळ्या एकाच अवस्थेत असत्या तर शुक्राणू दर पंधरवड्याला एकदाच मिळाले असते. त्या पुढे-मागे चालतात म्हणून पुरवठा रोजचा आहे.

आणि या सगळ्यांना सांभाळणारी सर्टोली पेशी. १८६५ साली एन्रिको सर्टोली या तरुण इटालियन संशोधकाने ती पहिल्यांदा नीट वर्णिली. तिचं केंद्रक फिकट, तिकोनी, मध्ये ठळक ठिपका. बाकीचं अंग एवढं पसरलेलं की त्याच्या कडा दिसतच नाहीत. तळापासून पोकळीपर्यंत ती उभी असते आणि वाढणाऱ्या पेशी तिच्या कुशीतून वर सरकतात. शेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट जोडून एक पडदा करतात. त्याच्या आतल्या पेशी अर्ध्या गुणसूत्रांच्या आहेत, शरीराच्या रक्षक पेशींना त्या परक्या वाटतील, म्हणून रक्तापासून त्यांना आडोसा. आई पदराआड धरते तसंच हे आहे, मला दुसरी उपमा सुचत नाही.

एका कापावर मी दुसरा रंग केला, पीएएस. त्यात साखरयुक्त द्रव्यं किरमिजी होतात. प्रत्येक गोल स्पर्मॅटिडच्या केंद्रकावर आधी किरमिजी ठिपका, मग टोपी, मग लांबट डोक्यावर घट्ट बसलेलं आवरण. अंड्याच्या कवचातून वाट काढायला लागणारी विकरं या टोपीत असतात. कित्येक आठवडे आधी टोपी शिवून ठेवायची, लागेल की नाही ठाऊक नसताना.

डाव्यासोबत त्याला चिकटलेलं अधिवृषण, शुक्राणूंचा पुढचा मुक्काम, आलं होतंच. तिथे चित्र पालटतं. एकच लांबलचक नळी घड्या घालून बसलेली. उंच पेशी, मुळाशी लहान तळपेशी, आणि वर केसांसारखे लांब तंतू, जे हलत नाहीत, द्रव शोषून घेतात. डोक्याकडे पेशी उंच आणि पोकळी अरुंद, शेपटीकडे पेशी बुटक्या, पोकळी मोठी आणि शुक्राणूंनी खच्चून भरलेली, भोवती स्नायूंचा जाड पट्टा. वृषणातून निघालेला शुक्राणू पोहू शकत नाही. इथल्या साधारण दोन आठवड्यांच्या प्रवासात तो पोहायला शिकतो.

मग उजव्याची स्लाइड लावली. त्यावर बोलण्यासारखं थोडं आहे. नळ्या होत्या, पण व्यास निम्मा. भिंती जाड, काचेसारख्या. आत एका ओळीत सर्टोली पेशी, त्यांच्यात रिकाम्या फोडांसारख्या जागा, तळाशी कुठे एखादी बीजपेशी. धागे नाहीत, गोल पेशी नाहीत, शेपट्या नाहीत. बऱ्याच नळ्यांना पोकळीच नाही. अधिवृषणाची नळी तयार होती, केसाळ तंतूंसकट, आणि कोरडी. फक्त नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिगच्या पेशी, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या, भरघोस होत्या. गुलाबी, बहुकोनी, चरबीच्या थेंबांनी फेसाळ झालेल्या. सहा वर्षं त्यांनी आपलं काम सोडलं नव्हतं. मी बराच वेळ डोळा भिंगाला लावून बसले होते आणि काही टिपून घेतलं नाही.

तिसऱ्या काचेवर, कडेच्या एका नळीत, सर्टोली पेशी एका ओळीत नव्हत्या. दोन, तीन, एका ठिकाणी चार ओळी, दाटीवाटीने. पोटात गोळा आला. गाठीची सुरुवात अशीच असते. मॅडमनी बघितलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “खाली जा. ठोकळ्यात खोल जा.”

भेंडी आडवी चिरली तर चकती गोल येते, तिरकी चिरली तर भिंत जाड दिसते आणि बियांच्या रांगा एकावर एक. नळी जिथे वळते तिथे पातं तिरकं गेलं तर एक ओळही चारसारखी दिसते. हे खरं की गाठ, हे ठरवायला त्याच जागेचे सलग काप हवेत. दोन पहाटे मी त्या ठोकळ्यातून एकही काप न सोडता चाळीस काप काढले, म्हणजे दोनशे मायक्रॉन खोल, नळीच्या दुप्पट. काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, “काय निघालं?” आणि मी “अजून बघतेय” म्हणायचे. खोटं नव्हतं, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नवव्या कापात चार ओळींच्या तीन झाल्या. पंधराव्यात नळीला बाक दिसू लागला. बाविसाव्यात ती सरळ आडवी कापली गेली होती: गोल, जाड भिंत, आत सर्टोली पेशींची एकच ओळ. चाळिसाव्यापर्यंत दुसरीकडेही काही नव्हतं. मॅडमनी सगळ्या काचा पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गाठ नाही.

जूनच्या पहिल्या पावसात माझा जुना मायक्रोस्कोप काकूंच्या ओट्यावर मांडला. वाघ्याचे टाके निघाले होते, पोटावरचे केस उगवायला लागले होते, तो पायापाशी पसरला होता. काकूंनी चष्मा काढला, एक डोळा मिटला. आधी डावं लावलं.

“अगंबाई. केवढी गर्दी ही. गणपती निघाल्यावर राजवाड्यापाशी असते तशी.”

मग उजवं. त्या बघत राहिल्या. पाऊस पन्हळीतून पडत होता.

“भिंती आहेत. आत कुणी नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि बाहेर ह्या गुलाबी कोण बसल्यात?”

“ह्यांच्यामुळे तो पाय वर करत होता, काकू.”

“सहा वर्षं?”

“सहा वर्षं. डावीकडच्याही होत्या, पण ह्यासुद्धा.”

काकूंनी वाकून वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पुन्हा डोळा भिंगाला लावायच्या आधी म्हणाल्या, “ते पहिलं परत लाव गं एकदा.”